समाधानाचीही कारणे नोंदवा

पीएच.डी.च्या विद्यार्थ्याने दर सत्रात एकदा संशोधन सल्लागार समितीपुढे आपल्या कामाचे सादरीकरण करावे, संक्षिप्त अहवाल द्यावा, आणि प्रगती असमाधानकारक आढळल्यास समितीने त्याची कारणे नोंदवून उपाय सुचवावेत, असा दंडक विद्यापीठ अनुदान आयोगाने नोव्हेंबर २०२२ मध्ये जारी केलेल्या विनियमांत घालून दिला आहे. दंडक योग्यच आहे. परंतु काम नापसंत करावयाचे तर सबब लेखी द्यावी लागते, पसंत करावयाचे तर काहीच लिहावे लागत नाही, ही त्यातील उणीव लहानशी दिसली तरी तिचे परिणाम दूरवर पोहोचतात. ‘प्रगती समाधानकारक’ असा शेरा, खाली सह्या, की सहामाहीचे प्रकरण दप्तरी दाखल.

नाशिकची विज्ञान महाविद्यालये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न आहेत आणि त्यांतील काहींत संशोधन केंद्रेही चालतात. अशा केंद्रांतील विभाग लहान. आणि समितीचा निमंत्रक नियमानेच विद्यार्थ्याचा गाइड. ज्याच्याबरोबर रोज स्टाफरूममध्ये डबा खावयाचा, ज्याच्या विद्यार्थ्याच्या समितीवर आज आपण आणि आपल्या विद्यार्थ्याच्या समितीवर उद्या तो, त्याच्या देखत अवघड प्रश्न काढणे हे भिडस्त माणसाला जड जाते. यात कोणाच्या सचोटीवर आक्षेप नाही, रचनाच अशी आहे की भिडेला मोकळे रान मिळावे.

या भिडेची किंमत विज्ञानात फार पडते. समजा, एखादी विद्यार्थिनी गोदावरीच्या पाण्यातील नायट्रेट व फॉस्फेट यांचे प्रमाण ऋतुमानानुसार कसे पालटते हे पाहत आहे. गंगापूर धरण, रामकुंड आणि नांदूरमध्यमेश्वर ही तीन ठिकाणे तिने निवडली. मात्र तपोवनातील मलनिस्सारण केंद्राच्या वरच्या व खालच्या अंगास नमुने घेतले नाहीत, आणि त्यामुळे शहराचे सांडपाणी किती व शेतातली खते किती, हा वाटा वेगळा काढण्याचा मार्गच तिला उरला नाही. ही उणीव मे महिन्यात कोणी दाखवून दिली तर आणखी दोन बाटल्या भरल्याने भागते. पावसाळा उलटल्यावर दाखवली तर पुरे वर्ष जाते. आणि बाह्य परीक्षकाने व्हायव्हाच्या वेळी दाखवली तर काही करण्याजोगे राहत नाही.

पूर्वी निदान शोधनिबंधाची अट होती. २०१६ च्या विनियमांनी प्रबंध सादर करण्यापूर्वी एक शोधनिबंध व परिषदांतील दोन सादरीकरणे आवश्यक ठरवली होती. या अटीचा परिणाम असा की पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांना सुगीचे दिवस आले. विद्यापीठांनी शिफारस केलेल्या १००९ नियतकालिकांची भूषण पटवर्धन व त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासणी केली, तेव्हा ८८ टक्क्यांहून अधिक नियतकालिके कसोटीस उतरली नाहीत, हे त्यांनी २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये मांडले. २०२२ मध्ये ती अट गेली हे बरेच झाले. पण तिच्याबरोबर बाहेरच्या वाचकाची नावापुरती नजरही गेली, आणि प्रबंध बाह्य परीक्षकांकडे जाईपर्यंतचा सारा भार आता या एका समितीवर येऊन पडला.

खऱ्या प्रतिभेला समित्यांची गरज काय, असे विचारणारे देवळालीच्या दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांचा दाखला देतात. या शाळामास्तरांजवळ पदव्युत्तर पदवी नव्हती, तरी सर्व अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घेऊन तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करीत गेले असता सात पायऱ्यांच्या आत ६१७४ ही संख्या येते, हा त्यांचा शोध आज जगभर त्यांच्या नावाने ओळखला जातो. दाखला खरा; निष्कर्ष मात्र उलटा आहे. कापरेकरांचे लेखन बव्हंशी दुय्यम नियतकालिकांत किंवा स्वतःच छापलेल्या पुस्तिकांत राहिले, आणि मार्टिन गार्डनर यांनी १९७५ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मधील आपल्या सदरात त्यांची दखल घेतली तेव्हा ते सत्तरीला टेकले होते. पदवीवाचून त्यांचे अडले नाही. अडले ते वेळेवर वाचणाऱ्या, शंका काढणाऱ्या जाणकारावाचून. समितीने नेमका तोच जाणकार व्हावयाचे असते.

म्हणून विद्यापीठाने तीन तजविजी कराव्यात. समाधानकारक शेऱ्याखालीही काय दाखवले गेले, काय विचारले गेले आणि कोणते उत्तर बाकी राहिले, हे समितीने पाच ओळींत लिहावे. निमंत्रकपद गाइडकडे न ठेवता एक सदस्य दुसऱ्या महाविद्यालयातून बोलवावा. नाशिकात कॉलेज रोडवरून गंगापूर रोडवर येण्यास रिक्षाचे भाडे पुरते. आणि ही टिपणे प्रबंधाबरोबर बाह्य परीक्षकांकडे जावीत. कागदपत्रांचा बोजा वाढेल ही तक्रार टिकणारी नाही, कारण प्राध्यापकास एका वेळी आठच विद्यार्थी घेता येतात. त्याच्या वाट्याचे सारे विद्यार्थी धरूनही वर्षाकाठी सोळा टिपणांपलीकडे हिशेब जात नाही.

ज्या समितीला आपल्या पसंतीची कारणे पाच ओळींत सांगता येत नाहीत, तिने काम वाचलेले नाही असेच विद्यापीठाने गृहीत धरावे, आणि त्या सत्राची बैठक झालीच नाही असे समजून ती पुन्हा घ्यावयास लावावी.