सापाचं बारसं

लेकरांनो, साप दिसला की आपल्याकडे काय होतं? कुणी ओरडतं, कुणी काठी आणतं, आणि तो कोणता साप हे कळायच्या आतच तो मेलेला असतो. आज अशा एका सापाची गोष्ट ऐका, ज्याचं बारसं व्हायला चार वर्षं लागली!

सातारा जिल्ह्यात कोयनेचं घनदाट जंगल आहे. २०१५ मध्ये तिथे तेजस ठाकरे यांना एक साप दिसला. होता मांजऱ्या सापाच्या कुळातला, पण ओळखीचा वाटेना. मग लगेच ‘नवा साप सापडला’ म्हणून जाहीर केलं का? छे! वरद गिरी, अशोक कॅप्टन आणि त्यांचे सहकारी कामाला लागले. अशा कामात पाठीवरचे, पोटाखालचे, शेपटीचे खवले एकेक करून मोजतात. संग्रहालयात जपलेल्या जुन्या सापांशी ताडून पाहतात. डीएनएही तपासतात. वेगळेपण पक्कं झालं, तेव्हा सप्टेंबर २०१९ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात त्याचं वर्णन छापून आलं. नाव ठेवलं ‘बोइगा ठाकरेई’. पश्चिम घाटात या कुळातला नवा साप तब्बल १२५ वर्षांनी मिळाला, बरं का!

हा साप रात्री ओढ्याकाठी फिरतो आणि बेडकांची अंडी खातो. तिथला एक बेडूक पाण्यावर झुकलेल्या पानांवर अंडी घालतो. म्हणजे ओढा आटला तर बेडूक जाईल, आणि त्याच्यामागे सापही.

आपल्या नांदेड-लातूरकडे कोयनेएवढा पाऊस नाही. पण याच कुळातला साधा मांजऱ्या आपल्याकडेही आढळतो. डोळ्यांत मांजरासारखी उभी बाहुली, खाणं पाली-सरडे. त्याचं विष माणसाच्या जिवावर बेतत नाही. पण दिसतो विषारी फुरशासारखा, म्हणून बिचारा नाहक मार खातो. तिकडे एकेक खवला मोजतात, आणि आपण नीट बघतही नाही!

मात्र बघायचं ते लांबूनच हं! साप ओळखणं आणि धरणं हे सर्पमित्राचं काम. आपण मागे सरायचं, मोठ्यांना हाक मारायची. पालकांनो, साप चावलाच तर मांत्रिक नको, थेट दवाखाना गाठा.

आता या आठवड्याचा अभ्यास. कडुलिंबाची आणि बकाणा निंबाची डहाळी शेजारी-शेजारी ठेवा. दिसायला सारखीच, नाही का? पानं मोजा, कडा निरखा आणि पाच फरक वहीत लिहा.