बाळाला रोस्टर कळत नाही



जबलपूर स्टेशनला लागूनच सिव्हिल लाइन्स आहे. १८७० च्या मार्चमध्ये मुंबईकडून आलेली जी.आय.पी. रेल्वे आणि कलकत्त्याकडून आलेली ईस्ट इंडियन रेल्वे जबलपुरात जोडली गेली. २००३ पर्यंत हा विभाग मध्य रेल्वेत होता. त्यामुळे बदलीवर आलेली अनेक मराठी कुटुंबे इथेच रुजली.

देशभरातल्या सिव्हिल लाइन्स साहेब लोकांसाठी वसवलेल्या. बंगल्यात साहेबाचे मूल आया सांभाळायची. त्या मुलाला ताप आला की ते मडमेला नव्हे, आयेला बिलगायचे. कारण बाळाला हुद्दा कळत नाही, हात कळतात. पण त्या आयेचे स्वतःचे मूल त्या वेळी कोणाच्या हातात असायचे? साहेब गेले, प्रश्न राहिला. आज तो आपल्या क्वार्टरमध्ये आहे.

कोणी म्हणेल, युनियनच्या अंकात हा बायकी विषय कशाला? त्यांच्यासाठी थोडे शास्त्र सांगतो.

इंग्लंडचे डॉक्टर जॉन बोल्बी यांनी १९५१ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी घराला मुकलेल्या मुलांवर अहवाल लिहिला. मुलाला अन्न-औषध मिळाले, पण जिव्हाळ्याचे कायमचे माणूस मिळाले नाही, तर ते आतून खचते, हा त्याचा सारांश. अमेरिकेत हॅरी हार्लो यांनी १९५८ मध्ये माकडाच्या पिलांवरचे प्रयोग मांडले. पिलांपुढे दोन खोट्या आया ठेवल्या, एक तारेची आणि एक मऊ कापडाची. ज्या पिलांना दूध तारेच्या आईकडूनच मिळायचे, तीही दूध पिण्यापुरती तिच्याकडे जात आणि उरलेला वेळ कापडाच्या आईला बिलगून काढत. 'पोटाला मिळाले की झाले' म्हणणाऱ्यांना हे उत्तर आहे. ते आपल्यालाही असेच म्हणतात!

आता वयाचा हिशेब पाहा. पहिले दोन-तीन महिने बाळ कोणाच्याही कडेवर जाते. मग ओळखीचा आवाज, वास, चेहरा निवडू लागते. साधारण सहाव्या-सातव्या महिन्यापासून ते 'माणूस ओळखू लागते'. परका दिसला की तोंड वाकडे करते, आई दाराबाहेर गेली की आकांत मांडते. हा हट्ट नव्हे. विश्वासाचे पहिले नाते जुळत असल्याची ती खूण आहे.

आणि आपली रजा? केंद्रीय कर्मचारी महिलेला बाळंतपणाची रजा आधी ९० दिवस होती, मग १३५ झाली आणि सप्टेंबर २००८ पासून १८० दिवस. ग्रामीण डाक सेविकांच्या पदरात १८० दिवस पडायला २०१८ साल उजाडले. हे दिवस मोलाचे आहेत, नाकारत नाही. पण ही रजा संपते कधी? नेमकी त्याच सहाव्या महिन्यात! बाळ ज्या दिवसांत आईला घट्ट धरते, त्याच दिवसांत तिने पहाटेच्या पाळीला सही करायची. बालसंगोपन रजा ७३० दिवसांची आहे खरी. पण ती हक्क म्हणून मागता येणार नाही, असे नियमच सांगतो. अर्ज केला की 'स्टाफ कमी आहे' हे उत्तर तयार. जागा भरायच्या नाहीत प्रशासनाने आणि शिक्षा भोगायची सहा महिन्यांच्या जिवाने, हा कुठला न्याय?

बापाला रजा १५ दिवस. रनिंग स्टाफमधला बाप तिसऱ्या दिवशी घरी येतो, मूल त्याला पाहून रडते आणि आपण हसतो. साथींनो, ही हसण्याची गोष्ट आहे का?

इथे काही शहाणे लगेच म्हणतात, 'मग बाईने घरी बसावे.' शास्त्र असे मुळीच सांगत नाही. ग्लासगोमध्ये शॅफर आणि इमर्सन यांनी ६० बाळांचा अभ्यास करून तो १९६४ साली प्रसिद्ध केला. जो नुसता जास्त वेळ जवळ असतो त्यालाच बाळ बिलगते असे नाही; जो त्याच्या हाकेला ओ देतो त्याला बिलगते. दीड वर्षाची होईतो बहुतेक बाळांना एकाहून अधिक जवळची माणसे होती, त्यांत बापही होता, आजीही होती. माणसे चार असली तरी चालतात, पण तीच ती हवीत. चाळीत आणि क्वार्टरमध्ये वाढलेल्या आपल्याला हे सांगायला ग्लासगो कशाला? बदलीच्या नोकरीने आजी गावाकडे राहिली. ती जागा भरून काढणे ही बदली करणाऱ्याची जबाबदारी आहे.

२०१७ च्या दुरुस्तीने ५० वा अधिक कामगारांच्या आस्थापनेत पाळणाघर सक्तीचे झाले. मालकांवर बंधन घालणाऱ्या सरकारने ते आधी आपल्या दारात पाळावे. आणि सावध राहा! पाळणाघर द्यायचे आणि ते ठेकेदाराच्या हाती सोपवायचे, ही चाल खपवून घेऊ नका. प्रत्येक निविदेला सेविका बदलणार. ठेका संपला की त्या बाईची नोकरी जाते आणि बाळाचे माणूस जाते. कायम कामाला कायम माणूस, ही आपली जुनी मागणी. तिचा सर्वांत लहान साक्षीदार पाळण्यात आहे.

फलाट झाडणाऱ्या ठेक्यावरच्या भगिनीचे काय? दिल्ली महापालिकेच्या हजेरीपटावरील महिलांना प्रसूतीलाभ दिलाच पाहिजे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००० साली दिला. तरी तिला धाक एकच, परत कामावर घेतील का?

ना. म. जोशी यांनी १९२४ साली केंद्रीय कायदेमंडळात प्रसूतीलाभाचे बिल आणले. ते फेटाळले गेले. १९२८ साली मुंबई कौन्सिलात डॉ. आंबेडकरांनी अशा बिलाची बाजू मांडली. १९२९ मध्ये मुंबईत कायदा झाला, १९३० मध्ये मध्यप्रांतात. जबलपूर तेव्हा त्याच प्रांतात होते. त्या पिढीने आईच्या जिवासाठी झुंज दिली. आपण काय केले? मागणीपत्रात हा विषय शेवटच्या कलमात, 'महिलांचे प्रश्न' म्हणून टाकला, आणि वाटाघाटीत सर्वांत आधी तोच सोडला. ही चूक आपली आहे.

म्हणून प्रत्येक शाखेने ठराव करावा :

१. मूल दीड वर्षाचे होईपर्यंत आईला, तिने मागितल्यास, ठरलेली दिवसपाळी द्यावी. बालसंगोपन रजा नाकारल्यास लेखी कारण द्यावे.

२. प्रत्येक मोठ्या स्टेशनात, कारखान्यात, टपाल आणि आर.एम.एस. कार्यालयात पाळणाघर असावे. सेविका कायम नोकरीत असाव्यात.

३. बापाची रजा वाढवावी, आणि रनिंग स्टाफमधल्या बापाला मूल लहान असेपर्यंत घरच्या मुख्यालयी जास्त विश्रांती मिळावी.

४. हे सर्व ठेका कामगारांनाही लागू करावे.

बाळाला मोर्चा काढता येत नाही, निवेदन देता येत नाही. ते फक्त रडते. त्याची बाजू मांडायला आपण आहोत.

कामगार एकजुटीचा विजय असो!