मर्यादा घातली, पण कशावर?

चांद्रयान-२ चा लँडर ७ सप्टेंबर २०१९ रोजी चंद्रावर आदळला. वाढलेल्या थ्रस्टमुळे साचलेली चूक भरून काढण्यासाठी त्याला झपाट्याने वळणे भाग होते; पण वळण्याच्या वेगावर सॉफ्टवेअरनेच मर्यादा घातली होती, असे इस्रोचे तत्कालीन अध्यक्ष एस. सोमनाथ यांनी २०२३ मध्ये सांगितले. मर्यादा म्हणजे वैज्ञानिक निर्णय, हे एवढ्यावरून तरी पटावे. प्रयोगशाळांतल्या सी प्रोग्रॅममध्ये मात्र ती शेवटी चिकटवलेली औपचारिकता असते. ‘क्लॅम्प केले आहे, आता चिंता नाही’ हे वाक्य तर अंधश्रद्धेच्या जवळ जाते.

दुर्बिणीच्या प्रतिमेतून डार्क फ्रेम वजा करण्याचे साधे काम घ्या. पिक्सेल १००, डार्क १०१. उत्तर उणे १, आणि ० ते ६५५३५ या मर्यादेत ते ० व्हायला हवे. दोन्ही संख्या ३२ बिटांच्या अनसाइन्ड असतील, तर सी उत्तर देते ४२९४९६७२९५. ‘शून्याहून लहान आहे का?’ ही तपासणी कधीच खरी ठरत नाही, वरची मर्यादा लागू होते आणि प्रतिमेतला सर्वांत काळा बिंदू सर्वांत तेजस्वी होतो. कुणाला तिथे नवा तारा सापडला तर नवल नाही! संगणकाने नियम मोडलेला नाही. नियम असाच आहे. गंमत अशी की १६ बिटांच्या संख्यांची वजाबाकी आजच्या नेहमीच्या संगणकांवर आधी साइन्ड इंटमध्ये होते, त्यामुळे तेच सूत्र चाचणीत बिनचूक चालते. पुढे कुणी प्रकार ‘सुधारून’ ३२ बिटांचा करतो आणि सूत्राला हातही न लावता ते बिघडते.

दशांश संख्यांनाही हे संरक्षण नाही. ‘नॅन’ दोन्ही तुलनांतून सुखरूप निसटतो, आणि त्याचे इंटमध्ये रूपांतर केल्यास काय व्हावे हे सीच्या मानकाने ठरवलेलेच नाही.

‘मग भाषा बदला’, हे उत्तर सोयीचे आहे. रस्टच्या रिलीज बिल्डमध्येही अनसाइन्ड वजाबाकी, वेगळी व्यवस्था न केल्यास, अशीच गुंडाळली जाते. आधी ६४ बिटांच्या साइन्ड प्रकारात रूपांतर, मग वजाबाकी, मग मर्यादा आणि सर्वांत शेवटी लहान प्रकार: हा क्रम पाळायला नवी भाषा लागत नाही. जीसीसीचा ‘वॉल’ पर्याय नावाप्रमाणे सर्व इशारे देत नाही. शून्याशी केलेली ती निरर्थक तुलना दाखवून घ्यायला ‘एक्स्ट्रा’ लागतो. परीक्षेत मात्र अजूनही विचारले जाते, इंट किती बाइटांचा.