हरणारा तो, फेडणारी ती

मोबाइलवर पैसे लावून खेळणाऱ्यांच्या तक्रारी गेली काही वर्षं आपण सगळ्याजणी ऐकत आलो आहोत. जिंकलेले पैसे खात्यात येत नाहीत. समोर माणूस खेळतोय की यंत्र, ते कळत नाही. हरत होतो तोवर सगळं सुरळीत चाललं होतं, जिंकायला लागलो तशी 'कागदपत्रं अपुरी' म्हणून खातं बंद केलं. नियम मधेच बदलले. दाद मागितली तर ठरावीक साच्याचं उत्तर येतं, तेही इंग्रजीत. ज्या खेळाला पैसे लागत नाहीत असं सांगतात, तिथेही बंदूक, पोशाख, बंद पेटी असं काहीबाही विकत घ्यायला लावतात, आणि पेटीत काय निघणार ते पैसे भरल्यावरच समजतं.

या तक्रारी खोट्या आहेत असं मी म्हणणार नाही. कोल्हापुरात कुटुंब सल्ला केंद्रात काम करताना त्या मी रोजच्या रोज नोंदवल्या आहेत. पण नोंदवता नोंदवता एक गोष्ट लक्षात येत गेली. नवरा-बायको दोघं समोर बसलेले असतात. नवरा तासभर कंपनीने आपल्याला कसं फसवलं ते सांगतो. त्याच्या बोलण्यात आकडे असतात, तारखा असतात, चीड असते. बायको गप्प असते. तिला विचारलं की मग बाहेर येतं : डोरलं सोनाराकडे गेलं, बचत गटातून घेतलेल्या कर्जाचे चार हप्ते थकले, मुलीच्या कॉलेजची फी भरायची राहिली. अशाच एका ताईंनी मला सांगितलं होतं, "मी कवा हात बी लावला न्हाई त्या खेळाला, पन हरले मीच की वो."

माझा मुद्दा एवढाच आहे. खेळणाऱ्याची तक्रार ग्राहकाची तक्रार आहे. त्याच्यासाठी, कितीही मोडकी असली तरी, एक खिडकी आहे. ग्राहक मंच आहे, १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे, कंपनीचा तक्रार अधिकारी कागदावर तरी आहे. पण जिच्या पैशावर, जिच्या सोन्यावर, जिच्या सहीच्या कर्जावर हा खेळ चालला, ती कंपनीच्या लेखी कुणीच नाही. तिने फोन केला तर 'खातेदाराशीच बोलू' असं उत्तर येतं. खातेदार तो, कर्जदार ती.

आपल्या भागात हे कसं घडतं ते बघा. उसाचं बिल, यंत्रमागाची मजुरी, दुधाचं बिल आता थेट बँकेत जमा होतं. आजही बहुतेक घरांत बँकेला जोडलेला मोबाइल पुरुषाच्या खिशात असतो. हुपरीत घरात बसून पैंजणांचं काम करणाऱ्या बाईच्या हातात मजुरी रोख पडते, पण तीही 'जरा खात्यावर टाकूया' म्हणून त्याच मोबाइलमधून फिरते. उलट छोटं कर्ज देणाऱ्या वित्तसंस्थांना कर्जदार म्हणून बाईच लागते, कारण बाई फेडते हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. म्हणजे पैसा येण्याची वाट त्याच्या हातात आणि पैसा फेडण्याची जबाबदारी तिच्या डोक्यावर. या दोन टोकांच्या मधे तो खेळ बसलेला आहे.

जुगार आपल्याला नवा नाही. मटका १९६०च्या दशकापासून या राज्यात घरं खात आला आहे. पण मटक्याला पत्ता होता. बाई टपरीवर जाऊन बोंब मारू शकत होती. चार बायका जमवून पोलीस ठाण्यावर जाऊ शकत होती. दारूच्या दुकानालाही पत्ता असतो. म्हणून तर आपण आडव्या बाटलीची लढाई लढू शकलो : २५ टक्के महिला मतदारांनी मागणी करायची, मतदान घ्यायला लावायचं, निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पाडायची आणि दुकानाला कुलूप लावायचं. मोबाइलमधल्या अड्ड्याला दार नाही, उंबरा नाही. तो नवऱ्याच्या उशाखाली असतो आणि रात्री अडीच वाजताही उघडा असतो. मोर्चा न्यायचा तरी कुठे?

कंपन्यांचं ठरलेलं उत्तर असं की हा जुगार नाही, कौशल्याचा खेळ आहे. त्यासाठी त्या सर्वोच्च न्यायालयाचा १९६७चा निकाल पुढे करतात. आंध्र प्रदेशातल्या एका क्लबमधल्या रमीच्या त्या खटल्यात न्यायालयाने म्हटलं होतं की रमीत पानं लक्षात ठेवावी लागतात, त्यामुळे तो मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे. पण त्याच निकालात पुढे असंही म्हटलं आहे की पैसे लावून चाललेल्या खेळातून जागेचा मालक नफा कमवत असेल, तर गुन्हा होऊ शकतो. ही दुसरी बाजू जाहिरातीत कधी ऐकली का तुम्ही? प्रत्येक डावातून आपला वाटा कापून घेणारी कंपनी त्या जागेच्या मालकासारखीच नव्हे काय? शिवाय कौशल्यच म्हणायचं तर ते कुणाचं, हेही विचारलं पाहिजे. एका बाजूला दिवसभर राबून दमलेला तरुण. दुसऱ्या बाजूला तो किती वाजता खेळतो, किती हरल्यावर थांबतो, कितीचं 'बोनस' दाखवलं की परत येतो याचा हिशेब ठेवणारी यंत्रणा. हा डाव बरोबरीचा आहे असं कुणी म्हणू नये.

म्हणूनच खेळणाऱ्यांच्या तक्रारींना 'सेवेतली त्रुटी' म्हणणं मला पटत नाही. पैसे भरणं एका बोटाचं काम आणि काढणं दहा पायऱ्यांचं, हे चुकून होत नसतं. केंद्र सरकारच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा फसव्या मांडणीचे १३ प्रकार नियमावलीत नोंदवले आणि त्यांना मनाई केली. अमेरिकेत एका बड्या खेळ कंपनीने फसव्या बटणांमुळे नकळत झालेल्या खरेदीबद्दल ग्राहकांना २४.५ कोटी डॉलर परत द्यायचं डिसेंबर २०२२मध्ये कबूल केलं. त्या खेळात मुलं आईबापांच्या कार्डावर खरेदी करून बसत होती. बेल्जियमने तर २०१८मध्येच त्या बंद पेट्यांना जुगार ठरवलं. जगभर ही रीत एकच आहे : बोट घसरावं अशीच जमीन करायची, आणि घसरल्यावर 'तुम्ही बघून चालायला हवं होतं' म्हणायचं.

सरकारचं काय? १ ऑक्टोबर २०२३पासून या खेळांत भरल्या जाणाऱ्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी लागला. हरणाऱ्याच्या प्रत्येक भरण्यातून तिजोरीत भर पडत राहिली. देशाचे लाडके खेळाडू आणि नट जाहिरातीत हसत राहिले. शेवटी 'सवय लागू शकते, जबाबदारीने खेळा' हे वाक्य कुणालाही कळू नये इतक्या घाईत म्हटलं जाई. ऑगस्ट २०२३मध्ये बच्चू कडूंनी सचिन तेंडुलकर यांच्या घरासमोर अशा जाहिरातीविरुद्ध आंदोलन केलं, तेव्हा त्याची थट्टाच जास्त झाली. जुलै २०२५मध्ये विधान परिषदेत बसलेल्या कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांच्या मोबाइलवर पत्ते दिसत असलेली चित्रफीत गाजली. आपण खेळत नव्हतो, असं त्यांनी सांगितलं. पुढे त्यांचं कृषी खातं काढून घेण्यात आलं आणि त्यांना क्रीडा खातं देण्यात आलं! यावर वेगळं भाष्य करण्याची गरज नाही.

मग ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने कायदा केला. पैशांचे ऑनलाइन खेळ चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. जाहिरात करणाऱ्याला २ वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. त्या वेळी सरकारनेच अंदाज सांगितला की दरवर्षी ४५ कोटी लोक या खेळांत सुमारे २०,००० कोटी रुपये गमावतात. मोठ्या कंपन्यांनी लगोलग पैशांचे खेळ थांबवले. कायद्याला आव्हानही मिळालं, आणि सप्टेंबर २०२५मध्ये वेगवेगळ्या उच्च न्यायालयांतल्या याचिका सर्वोच्च न्यायालयाने आपल्याकडे घेतल्या.

या कायद्याचं मी स्वागत करते. पण टाळ्या वाजवून घरी जायला मी तयार नाही. त्या २०,००० कोटींत डोरली किती होती, बचत गटाची कर्जं किती होती, हे कुणी मोजलेलं नाही. गेलेल्या पैशाचं काय, यावर कायदा गप्प आहे. खेळ बंद झाला, पण कर्जाचा हप्ता बंद झाला नाही. आणि ज्यांना सवय लागली आहे ते परदेशातून चालणाऱ्या, नाव-गाव नसलेल्या अ‍ॅपकडे वळतात. तिथे तर तक्रारीला मोडकी खिडकीसुद्धा नाही.

आपल्यातल्याच काही मैत्रिणी दोन आक्षेप घेतात. पहिला असा की बंदीने काय होतं, दारूचं नाही का पाहिलं? पाहिलं ना. गावातलं दुकान बंद झाल्यावर सगळी दारू थांबली नाही हे खरं, पण दारू पिणं ही गावातली प्रतिष्ठेची गोष्ट राहिली नाही आणि बाईच्या तक्रारीला वजन आलं. दुसरा आक्षेप असा की बायका काय करत होत्या, घरात लक्ष नको का ठेवायला? हा आक्षेप ऐकला की मला संताप येतो. ज्या मोबाइलचा परवलीचा शब्द तिला माहीत नाही, ज्या खात्यातली शिल्लक विचारली तर थोबाडीत बसते, त्यावर तिने लक्ष ठेवायचं? हुंड्यातही तिचीच चूक, दारूतही तिचीच, आता रमीतही तिचीच!

आणखी एक गोष्ट स्पष्ट करते. आपला विरोध खेळाला नाही. झिम्मा-फुगडी, सागरगोटे खेळत वाढलेल्या आपण बायका. आपल्या मुलीही मोबाइलवर खेळतात, खेळू देत. पण त्यांना तिथे काय भोगावं लागतं? मुलीचा आवाज ऐकू आला की शिवीगाळ, घाणेरडे प्रश्न सुरू होतात. म्हणून कॉलेजातल्या मुली मुलाचं नाव घेऊन, माइक बंद ठेवून खेळतात. तक्रार केली तर 'त्या खेळाडूला बंद करा आणि पुढे खेळा' असं सांगितलं जातं. म्हणजे खेळातही गप्प बसायचं ते मुलीनेच.

मग करायचं काय? हातात काहीच नाही असं समजू नका. २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम ३मध्ये आर्थिक छळ ही हिंसा मानली आहे. स्त्रीधन विकणं, घरखर्चाचा पैसा तोडणं हे त्यात येतं. कलम १८ खाली न्यायालय नवऱ्याला तिचं स्त्रीधन किंवा दोघांची मालमत्ता विकायला, बँकेतलं खातं वापरायला मनाई करू शकतं. कलम २० खाली झालेल्या नुकसानीची भरपाई मागता येते. ही कलमं दारूच्या प्रकरणात आपण वापरतो, खेळाच्या प्रकरणात मात्र 'नाद लागलाय' म्हणून सोडून देतो. मार नसला तरी अर्ज करता येतो, हे प्रत्येक गटात सांगा. फसव्या अ‍ॅपमध्ये पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवा. जितका उशीर तितकी पैसे अडवण्याची शक्यता कमी. बाईला तातडीची मदत हवी असेल तर १८१ आहे. नाद सुटावा म्हणून बोलायचं असेल, तर १४४१६ हा मानसिक आरोग्याचा क्रमांक आहे.

आणि आपण संघटनांनी काही मागण्या पुढे रेटायला हव्यात. सल्ला केंद्राच्या आणि संरक्षण अधिकाऱ्याच्या अर्जात दारूच्या रकान्याशेजारी मोबाइलवरच्या जुगाराचा रकाना हवा, म्हणजे निदान मोजणी सुरू होईल. बंद पडलेल्या कंपन्यांकडचे पैसे भरल्याचे हिशेब नष्ट होऊ देऊ नयेत. न्यायालयाने मागितल्यावर ते पत्नीला मिळाले पाहिजेत. दंडाची जी रक्कम जमा होईल तिच्यातून कर्जात बुडालेल्या बायकांसाठी निधी उभा राहावा. मराठी माणसाकडून पैसे घेणाऱ्या कोणत्याही खेळाचे नियम आणि तक्रारीची व्यवस्था मराठीत असावी. बचत गटाच्या बैठकीत कर्ज मंजूर करताना, पैसा कुणाच्या मोबाइलमधून फिरणार आहे, हा प्रश्न न लाजता विचारला जावा.

याच कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१९मध्ये स्त्रियांना क्रूरपणे वागवणाऱ्यांविरुद्ध कायदा केला. घराच्या चार भिंतींआड चालणारं क्रौर्य हा राज्याच्या काळजीचा विषय आहे, हे तेव्हा मान्य झालं होतं. आज शंभरहून जास्त वर्षांनी तेच क्रौर्य हाताच्या तळव्याएवढ्या काचेतून घरात शिरलं आहे. तुमच्या गावात, तुमच्या गटात अशी किती घरं आहेत? पुढच्या बैठकीत नुसता हा एक प्रश्न विचारून पाहा, आलेली उत्तरं लिहून ठेवा आणि आमच्याकडे पाठवा. खेळणाऱ्यांच्या तक्रारी पुष्कळ ऐकून झाल्या. आता फेडणाऱ्यांच्या तक्रारींची यादी आपण तयार करू.