एकांतवास कोणाचा?

२४ मार्च २०२० रोजी रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी घोषणा केली आणि अवघ्या चार तासांत सारा देश बंद झाला. पुढील काळात टाळेबंदीतील एकटेपणावर चित्रे, कविता आणि लघुपट यांचा पूर लोटला. बंद खिडकी, ओसाड रस्ता, सज्जात उभा असलेला एकाकी माणूस, अशा ठरावीक प्रतिमा त्यांतून पुनःपुन्हा भेटत राहिल्या. त्यांमागचे दुःख खोटे होते, असे कोणी म्हणणार नाही. आप्तांच्या अंत्यदर्शनालाही मुकलेल्यांची वेदना खरीच होती. परंतु 'आपण सारे एकाच संकटात आहोत' हा जो समज या प्रतिमांच्या आडून रुजवण्यात आला, तो मात्र निखालस खोटा आहे.

एकांतासाठीही आधी घर लागते. धारावीतील दहा बाय दहाच्या खोलीत पाळीपाळीने झोपणाऱ्या, सार्वजनिक शौचालयापुढे रांगेत उभ्या राहणाऱ्या कामगाराला 'अंतर राखा' असे बजावणे ही क्रूर थट्टा होती. तो गर्दीत होता आणि तरीही एकटा होता. मजुरी बंद, मालक बेपत्ता, गाव शेकडो कोस दूर. ज्या देशात माणसाला शतकानुशतके शिवाशिवीने दूर ठेवले गेले, त्याच देशात 'सामाजिक अंतर' ही सरकारी घोषणा व्हावी, यातच राज्यकर्त्यांची दृष्टी उघड होते.

या मनोवेदनेवर सरकारने कोणता उपाय दिला? २२ मार्चला थाळ्या आणि ५ एप्रिलला दिवे! ८ मेच्या पहाटे, जालन्याहून मध्य प्रदेशातील आपल्या गावी पायी निघालेले १६ मजूर करमाडजवळ रुळांवर झोपले असता मालगाडीखाली चिरडले गेले. त्यांच्या पोळ्या रुळांवर विखुरल्या होत्या. सप्टेंबरमध्ये सरकारने संसदेत सांगितले की, टाळेबंदीत मरण पावलेल्या स्थलांतरित मजुरांची आकडेवारी आपल्याकडे नाही. ज्यांची मरणेच मोजली गेली नाहीत, त्यांचे दुःख कोण मोजणार?

कलेने हे काम करावयाचे असते. 'कलेने राजकारणात पडू नये' असा उपदेश करणाऱ्यांनी १९४३ आठवावे. बंगालच्या दुष्काळात चित्तप्रसाद मिदनापूरच्या खेड्यांतून पायी हिंडले आणि भुकेल्या माणसांची चित्रे त्यांनी 'हंग्री बेंगॉल' या पुस्तिकेत छापली. ब्रिटिश सरकारने तिच्या प्रती जप्त करून जाळल्या. केवळ सौंदर्याचे राज्यकर्त्यांना भय वाटत नाही. त्यांना भय वाटते ते साक्षीचे.

ही परंपरा संपलेली नाही. २०२० च्या दुर्गापूजेत कोलकात्यातील बेहाला येथील बरिशा क्लबने शिल्पकार पल्लव भौमिक यांनी घडवलेली दुर्गा उभी केली. अंगावर साधी साडी, कडेवर उघडे मूल, गावाकडे पायी निघालेली मजूर आई! सज्जातील एकाकी माणसाच्या शेकडो चित्रांनी जे सांगितले नाही, ते या एका मूर्तीने सांगितले.

येथे आत्मटीकाही आवश्यक आहे. रेशन आणि मजुरीचे प्रश्न आपण लावून धरले, ते योग्यच होते. परंतु कामगाराला पोटाबरोबर मनही असते. परतलेल्या मजुराला गावच्या वेशीवर झालेला अपमान त्याच्या मनात अजूनही सलत असतो, हे विचारायला आपण कमी पडलो. वस्त्यांत बसून या आठवणी ऐकणे, लिहून घेणे, चित्रांतून आणि पथनाट्यांतून त्या जनतेपुढे मांडणे, हे सांस्कृतिक आघाडीचे आजचे काम आहे. सरकारने जी नोंद ठेवली नाही, ती जनतेने ठेवली पाहिजे.