जहाज दिसते, माल दिसत नाही

तंजावूरच्या राजवाडा परिसरातील सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी कागदपत्रांचे रुमाल आहेत. भोसले दरबाराचा जमाखर्च आणि पत्रव्यवहार त्यांत आहे. महाराष्ट्राबाहेरील मराठी माणसाला ते पाहून आपल्या लिपीचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. मला त्यांत दप्तराचा एक नियमही दिसतो : वस्तू कोठे गेली एवढ्याने नोंद पुरी होत नाही, काय गेले, किती गेले आणि कोणाच्या हवाली झाले, हेही लिहावे लागते.

याच घराण्यातील दुसऱ्या सरफोजीराजांनी नेपोलियनविरुद्धच्या इंग्रजांच्या विजयाचे स्मारक म्हणून १८१४-१५ च्या सुमारास समुद्रकाठी ‘मनोरा’ हा आठ मजली बुरूज उभारला. आज जहाज न्याहाळण्यासाठी बुरुजावर चढावे लागत नाही. आंतरराष्ट्रीय सफरीवरील ३०० टन व त्याहून मोठ्या मालवाहू जहाजांवर स्वयंचलित ओळख यंत्रणा सक्तीची आहे. चालत्या जहाजाचे स्थान, वेग व दिशा ती काही सेकंदांच्या अंतराने प्रक्षेपित करते. नाव, मालक वा ध्वज बदलला तरी जहाजाचा सात अंकी क्रमांक बदलत नाही. घरबसल्या कोणीही हे संगणकावर पाहू शकतो.

परंतु पाहणे म्हणजे जाणणे नव्हे. खलाशांनी सोडून दिलेले ‘पवित’ हे जहाज ३१ जुलै २०११ रोजी वाहत येऊन थेट मुंबईच्या जुहू किनाऱ्याला लागले. ज्या जहाजातून संकेत येत नाही, त्याच्यासाठी जागता पहारेकरीच हवा.

‘एमएससी एल्सा ३’ची गोष्ट याहून बोलकी आहे. विळिंजमहून कोचीकडे निघालेले हे जहाज २५ मे २०२५ रोजी ६४० कंटेनरांसह बुडाले. ते कोठे बुडाले, हे सर्वांना ठाऊक होते. कंटेनरांत काय होते, हे किनाऱ्यावरच्या कोळ्याला ठाऊक नव्हते. तेरा कंटेनरांत धोकादायक माल होता. त्यांपैकी बारांत कॅल्शियम कार्बाइड. मालाचा तपशील जाहीर करा, असे केरळ उच्च न्यायालयाला राज्य शासनास सांगावे लागले. प्लास्टिकचे दाणे तर तमिळनाडूतील कन्याकुमारीच्या किनाऱ्यापर्यंत पोहोचले.

धोकादायक मालाची यादी जहाजावर ठेवणे आणि बंदराला देणे नियमानेच बंधनकारक आहे. म्हणजे माहिती असते. ती पुढे सरकत नाही. व्यापारी गोपनीयतेचा आक्षेप येथे घेतला जाईल. पण माल कोणाचा व कितीचा, हे कोणी विचारत नाही. पदार्थाचे नाव, प्रमाण आणि त्याला हात लावावा की नाही, एवढेच पुरे. अपघात होताच ही यादी किनारी जिल्हाधिकाऱ्यांकडे, आणि तेथून स्थानिक भाषेत मासेमारी गावांकडे, त्याच दिवशी गेली पाहिजे. त्यासाठी नवा उपग्रह नको. एक स्पष्ट आदेश आणि त्याला उत्तरदायी असणारा एक अधिकारी हवा.

जहाजाचा माग यंत्र काढील. मालाची जबाबदारी मात्र माणसाच्या सहीशिवाय निश्चित होत नाही.