नाव ठेवावे, नावे ठेवू नयेत

आपली मराठी भाषा मोठी खोडकर आहे. बारशाला आत्याबाई बाळाचे 'नाव ठेवते', आणि घुगऱ्या खाऊन घरी परतणारी मंडळी त्याच नावाला 'नावे ठेवतात'. एका मात्रेचा काय तो फरक!

गेल्या दिवाळीच्या सुमारास आमच्या डहाणूच्या घरी नातवाचे बारसे झाले. आत्याने बाळाच्या कानात 'कुर्र' केले आणि पुकारले, "रेयांश!"

"म्हणजे काय गं?" आमच्या सौ.नी विचारले.

"सूर्याचा किरण," सूनबाई म्हणाली. "मोबाईलवर आहे ना. अगदी संस्कृत आहे."

मी जन्माचा शिक्षक. मूळ खोड जाते थोडीच? पाहुणे जाताच कोश काढला. किरणाला संस्कृतात रश्मी आहे, मयूख आहे, मरीची आहे. 'रे' मात्र कुठे सापडेना. 'अंश' सापडला, पण त्याचा अर्थ भाग, वाटा. किरण तो 'अंशु'. मग किरणाला 'रे' म्हणतो तरी कोण? इंग्रज! थोडक्यात, इंग्रजी घोड्याला संस्कृत शेपूट लागलेले मला दिसले, आणि हा शोध मी मोठ्या ऐटीत घरभर जाहीर केला. सूनबाईचा चेहरा उतरला.

इतक्यात स्वयंपाकघरातून सौ. म्हणाल्या, "नावांबद्दल तुम्ही तरी बोलू नका. ताटातल्या तांदळांत अंगठीने माझे नवे नाव लिहिलेत, तेव्हा मला विचारले होते? वर्षभर त्या नावाने कोणी हाक मारली की मीच मागे वळून बघायची, कुणाला बोलावताहेत म्हणून!"

मी गप्प झालो. सौ.च्या या वाक्याने मला एकदम तलासरीकडची शाळा आठवली.

नोकरीच्या सुरुवातीला मी तिथल्या एका पाड्यावर होतो. वारल्यांच्या घरांत मुलाचे नाव पुष्कळदा जन्माच्या वारावरून ठेवीत. सोमवारचा सोम्या, मंगळवारचा मंगळ्या, बुधवारची बुधी, शुक्रवारची शुक्री. पंचांग नको, कोश नको. आईला ज्या दिवशी कळा आल्या, तो दिवस जन्मभर लेकराबरोबर चालायचा. मला तरुणपणी ही नावे गावंढळ वाटत. एका मुलीचे वारावरून पडलेले नाव मी हजेरीपटावर लिहिलेच नाही. तिथे माझ्या पसंतीचे एक सुसंस्कृत नाव लिहिले आणि वर उपकार केल्याचे समाधान मानले!

दुसऱ्या दिवशी हजेरी घेताना ते नाव पुकारले. कोणीच 'हजर' म्हणेना. मी गैरहजेरी मांडली. मुलगी समोरच बसली होती.

१९४५ साली गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या साथीने ज्या लोकांनी जमीनदारांची वेठ झुगारून दिली, त्यांच्या नातवंडांची नावे मी सुधारायला निघालो होतो!

दोन वर्षांमागे ती मला एका कचेरीच्या दारात भेटली. आता तीही आजी झाली आहे. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, वनहक्काच्या जमिनीच्या कागदावर दुसरे. दोन्ही बाई एकच, हे सिद्ध करण्यासाठी तिचे खेटे चालले होते. मी ओशाळून म्हणालो, "बाई, चूक माझी." ती हसली. "गुरुजी, तुम्ही लिहिलेले नाव कागदावरच राहिले. घरी मला माझ्याच नावाने हाक मारतात."

तेव्हा, वाचकहो, नवे नाव घडवणे हे काही पाप नव्हे. विलायतेतले 'व्हॅनेसा' हे नाव जोनाथन स्विफ्ट या लेखकाने घडवले. एस्थर व्हॅनहॉमरी या आपल्या मैत्रिणीच्या आडनावाचा आरंभ घेतला आणि त्याला तिच्या नावातला तुकडा जोडला. ती कविता १७२६ साली छापली गेली, आणि पुढे किती लेकींना ते नाव मिळाले! आपल्याकडे १९३३ साली जन्मलेल्या एका बाळासाठी रवींद्रनाथांनी 'अमर्त्य' हा शब्द निवडला. शब्द जुना, नाव नवे. त्याला वजन आले ते अमर्त्य सेन यांच्या कामामुळे.

नाव जोडून घडवा, शोधून काढा, नाही तर वारावरून ठेवा. नसलेला अर्थ त्याला चिकटवण्याची मात्र गरज नाही. आणि दुसऱ्याचे नाव पुसून त्यावर आपले लिहिण्याचा अधिकार गुरुजींना नाही, सासरलाही नाही.

मी सूनबाईला म्हणालो, "नाव राहू दे. कानाला गोड आहे." ती खुलली. मग आम्ही मिळून जन्मनोंदणीचा कागद भरला. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे आधी आईचे नाव, मग वडिलांचे, असा आपल्या राज्याचा नियम झाला आहे. सूनबाईने माहेरचेच नाव राखले आहे. ते मी ठळक अक्षरांत लिहिले. सौ. मागे उभ्या राहून बघत होत्या. काही बोलल्या नाहीत. पण त्या रात्री कितीतरी वर्षांनी मी त्यांना त्यांच्या माहेरच्या नावाने हाक मारली.

नातू आता वर्षाचा झाला. परवा ओटीवरून मी "रेयांश!" म्हणून हाक दिली, तर स्वारी दुडूदुडू रांगत माजघरातून बाहेर आली. कोशात नसलेल्या त्या नावाला त्याने 'ओ' दिली होती.